पेटवेची घाई

“तबकडी पिशवीत ठेव, टॅमिका. या घरात ती वाजणार नाही.”

लुएलाने केकची बशी टेबलावर जरा जोरातच ठेवली. टॅमिकाने तबकडी पिशवीत सरकवली. दर रविवारी टोलेडोच्या रेडिओवर गावातल्या जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करणारी ही बाई एरवी कोणाला बोलू देत नसे. पण लुएलापुढे, सगळे आदराने ‘मिस लुएला’ म्हणत त्या म्हातारीपुढे, तिची काय टाप!

“मिस लुएला, उद्या चर्चच्या तळघरात ही जुनी गाणी ऐकायला सगळे जमणार आहेत. गावात एवढे गाणारे होते, तबकड्या काढणाऱ्या एवढ्या लहान लहान कंपन्या होत्या, आज कोणाला नावसुद्धा आठवत नाही. ऑबर्न फोर या चौकडीची ही एकच तबकडी निघाली आणि मुख्य आवाज तुमच्या मिस्टरांचा. ती वगळून कसं चालेल? पण तुम्ही नको म्हणालात तर नाही वाजवणार.”

“मग नकोच म्हणते. हर्शेलने माझ्याकडून वचन घेतलंय. मेलेल्या माणसाला लोकांनी हसावं, हे मला चालायचं नाही.”

हसलेच होते लोक. हर्शेल म्हणजे दारातून वाकून आत येणारा माणूस. बोलायला लागला की टेबलावरचे पेले थरथरायचे. आणि त्या तबकडीत? मिसरूड न फुटलेल्या पोरासारखा किनरा आवाज. ते गाणं रेडिओवर लागलं आणि दुसऱ्या दिवशी मोटारीच्या कारखान्यात सगळे त्याला ‘चिमणी’ म्हणायला लागले. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी चिवचिव करायचं आणि सगळी रांग खिदळायची. त्या दिवसापासून हर्शेलने गाणं सोडलं ते सोडलंच. लुएलाशी लग्न झालं ते त्यानंतर. संसार झाला, मुलं झाली, नातवंडं झाली, पण तिने नवऱ्याला कधी साधं गुणगुणताना ऐकलं नाही. चर्चमध्ये सगळे उभे राहून गात, तेव्हा हा नुसते ओठ हलवायचा. शेजारी उभ्या लुएलाला ते कळायचं.

“वहिनी, एक विचारू?” इतका वेळ खाली मान घालून केक खाणारा विल्बर्ट म्हणाला. तो ऑबर्न फोरमध्ये खर्ज लावायचा. रेकॉर्डिंग झालं त्याच आठवड्यात त्याला लष्कराचं बोलावणं आलं. व्हिएतनामहून परतला तो थेट ओकलंडला जाऊन राहिला. आज सकाळीच तो टोलेडोत उतरला होता. “उद्याचं राहू दे. पण मी ही तबकडी अजून ऐकलेलीच नाहीये गं. म्हातारा झालो. एकदा ऐकू दे की!”

आता पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? लुएलाने मान हलवली आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली. टॅमिकाने छोटं यंत्र टेबलावर मांडलं. सुई टेकली. तोच तो आवाज, बारीक, घाईघाईचा.

आणि विल्बर्ट फिस्सकन हसला.

लुएला गर्रकन वळली. “हसलास? त्याचा मित्र ना तू? लाज नाही वाटत? बंद कर गं ते!”

“अगं वहिनी, त्याला कुठे हसतोय! मी मला हसतोय. खाली तो कोण केकाटतोय ऐकलंस? तो मी! माझा खर्ज लागला की स्टुडिओची काच हलायची. आणि हे काय, शेपटीवर पाय पडलेलं मांजर?” बोलता बोलता त्याचं हसू थांबलं. तो तबकडीकडे बघतच राहिला. “ही पेटवेची घाई आहे.”

“म्हणजे?” टॅमिकाने विचारलं.

“मिस्टर पेटवे. लाँड्रीच्या मागच्या खोलीत कंपनी चालवायचा. गाणं लांबलं की रेडिओवाले लावत नाहीत, म्हणून तबकडी काढताना टेप जोरात पळवायचा. गाणं आखूड होतं, वर चपळ वाटतं म्हणायचा. आवाज चढतो, त्याचं त्याला काय!”

“आणि हर्शेलला कळलं नाही?”

“आपला आवाज बाहेरून ऐकला की कोणालाही परकाच वाटतो, वहिनी. त्याला वाटलं असेल, लोकांना आपण असेच ऐकू येतो. उरलेले दोघे मागे ‘ऊ ऊ’ करणारे, ते काय सांगणार? मी सांगितलं असतं. पण मी इथे होतो कुठे?”

त्याने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. मग आपलं जाडजूड बोट फिरत्या तबकडीच्या कडेला अलगद टेकवलं. तबकडी मंदावली. आवाज डगमगला, खाली उतरला आणि स्थिर झाला.

लुएला उठून उभी राहिली. रोज जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानणारा, पोरांना दटावणारा, शेवटी दवाखान्यात तिचं नाव घेणारा तोच आवाज होता. तो गात होता. भरदार, सावकाश, कसलीही लाज न बाळगता गात होता. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंसुद्धा नाही.

गाणं संपलं. टॅमिकाने हळूच विचारलं, “उद्या वाजवू ना, मिस लुएला?”

“वाजव. बोट ठेवून वाजव,” लुएला म्हणाली. मग ती विल्बर्टकडे वळली.

“पण त्याने हे कधी ऐकलंच नाही रे.”