चाक

"मामा, जरा लवकर चला हो," मागून येणारा म्हणाला. लोखंडी जिन्याच्या पायऱ्या तो दोन-दोन करून चढत होता आणि दर वळणावर प्लंबरच्या पिशवीला धडकत होता.

"चाललोय ना. उडू का आता?"

खाली प्रसूतिगृहात त्या मागून येणाऱ्याची बायको टेबलावर होती. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून ऑपरेशन करायचं ठरलं, आणि डॉक्टरांनी हात धुवायला नळ सोडला तर नळ कोरडा. आतली छोटी टाकी सकाळपासून वापरून संपलेली, गच्चीवरून थेंब येत नव्हता. पिण्याच्या बाटल्यांनी हात धुईन मी, पण पुढचं काय, असं डॉक्टर सिस्टरला म्हणाल्या ते त्यानं दाराआडून ऐकलं होतं. तेव्हापासून त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं.

प्लंबरनं पंधरा मिनिटं खाली घालवली होती. पंप बघितला, जाळी साफ केली, एक जॉइंट उगाच खोलला आणि परत बसवला. त्यात फोन सारखा थरथरत होता. सकाळच्या कामावरची तिसऱ्या मजल्यावरची बाई. आज चौथं काम चालू होतं, कुठंही धड बूड टेकलं नव्हतं, आणि हिला म्हणे आत्ताच बोलायचंय. फरशीवर डाग पडला असेल, दुसरं काय. त्यानं फोन पुन्हा कापला. खिशात काहीतरी मांडीला टोचत होतं, ते काढायलाही सवड नव्हती.

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. टाकीचं झाकण उचललं तर पाणी काठोकाठ.

"भरलीय की," होणारा बाप म्हणाला. "मग खाली का नाही येत?"

प्लंबर टाकीमागं वाकला. खाली जाणाऱ्या पाइपावरचा वॉल्व बंद होता आणि त्याचं चाक जागेवर नव्हतं. नुसता दांडा, बोटभर.

"बघा. बघा हे," तो सरळ होत म्हणाला. "कुणीतरी वॉल्व बंद केला आणि चाक काढून घेऊन गेला. काम चालू असताना दुसऱ्या कुणी उघडू नये म्हणून काढतात, मीही काढतो. पण काम झालं की लावायचं असतं, हे त्या गाढवाला कुणी शिकवलं नाही. अशा माणसाच्या हातात पाना देऊच नये."

"मला सापडू दे तो. माझी बायको आत अशी पडलीय आणि..."

"पकडीनं फिरवतो, थांबा." प्लंबरनं पकडीसाठी खिशात हात घातला.

हाताला चाक लागलं.

त्यानं मान वर केली. पलीकडच्या कठड्यापाशी आतल्या जिन्याचं निळं दार होतं. सकाळी तो त्या दारानं वर आला होता. पुढच्या रस्त्यानं, पुढच्या फाटकातून, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या न्हाणीघरातला फुटलेला पाइप जोडायला. सोल्युशन सुकू दे, अर्ध्या तासानं येऊन वॉल्व उघडतो, तोवर चहा घेऊन येतो, असं तिला सांगून गेला होता. चहा अर्धा झाला आणि दुसरीकडून फोन आला. मग तिसरीकडून. आणि आत्ता मागच्या गल्लीतून शिरताना ही तीच इमारत आहे हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नाही.

"काय झालं मामा?"

"तुम्ही खाली जा," तो म्हणाला. "सगळे नळ सोडून ठेवा. पाइपात हवा भरली असेल, ती निघून जाऊ दे."

हवेचं एवढं काही नव्हतं. पण होणारा बाप पळत खाली गेला, आणि जिन्याचा आवाज विरल्यावरच प्लंबरनं चाक खिशातून बाहेर काढलं. घाईत ते दोनदा दांड्यावरून निसटलं. तिसऱ्यांदा बसलं, तसा त्यानं ते फिरवून वॉल्व उघडला. पाइप गुरगुरला. खालून कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!"

त्यानं नट आवळला, आणखी आवळला, मग पाइपाला टेकून तिथंच उन्हात बसला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. निघून जावं असं दोनदा मनात आलं. पिशवी उचलून तो मागच्या फाटकापर्यंत गेलासुद्धा, आणि पुन्हा आत येऊन बाकावर बसला.

अर्ध्या तासानं आतून रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत.

"मुलगी!" बाप धावतच आला आणि त्यानं प्लंबरचे दोन्ही हात धरले. "दोघी बऱ्या आहेत. मामा, तुम्ही नसता तर काय झालं असतं हो."

"मी नसतो तर पाणी गेलंच नसतं," प्लंबर म्हणाला.

पण तोवर बापानं फोन कानाला लावला होता. "हो आई, मुलगी. अगं, पाणीच नव्हतं. एक प्लंबर आले, अगदी देवासारखे..."

सिस्टर दुरुस्तीची वही घेऊन आली. "मामा, एवढं भरून द्या. बिघाड काय होता आणि कशामुळे झाला."

प्लंबरनं पेन घेतलं. पहिल्या रकान्यात 'वॉल्व बंद' असं लिहिलं. दुसऱ्या रकान्यापाशी थांबला. खिशात फोन पुन्हा थरथरला, मग गप्प झाला. त्यानं खाली मान घालून, एकेक अक्षर दाबून लिहिलं: 'चाक माझ्या खिशात राहिलं होतं.'

बापाचं फोनवरचं बोलणं संपेपर्यंत तो थांबला. मग वही न मिटता त्यानं ती त्याच्यासमोर सरकवली.