जोडवं

थोरल्या नातीचं लग्न झालं, त्याच वर्षी सुभद्राला वाकणं जमेनासं झालं. शुगर होतीच. मग विश्रांतवाडीतली प्रियदर्शनी तिच्या पायांची नखं कापायला घरी येऊ लागली. शुगरवाल्यांचे पाय सांभाळणं हाच तिचा व्यवसाय.

"आजी, बोट सुजलंय, जोडवं रुततंय. कापून काढू का?" ती दर खेपेला विचारायची.

"अगं, काढू दे तिला," मी म्हणायचो. "मी स्वतः सांगतोय ना!"

"तुम्ही सांगायला आहात, म्हणूनच नाही काढायचं."

शेवटी बोट काळं पडलं. दवाखान्यात जोडवं निघालं, ते बोटासकट. तोवर विष अंगात भिनलं होतं.



मला काहीच झालं नाही. सुभद्रा यंदाच्या संक्रांतीला गेली.