साठ दिवसांचा लसूण

आईनं लसणाची पाकळी सोलली, चाचपडत शिलाई मशीनपाशी आली, स्टुलावर बसली आणि रोजच्यासारखा शिंपी लेकाचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. आज साठावा दिवस होता, म्हणजे निकालाचा.

पैज घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. लसणानं शिंप्याच्या अंगठ्यावरची चामखीळ गेली, तर आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं कुणी नाव काढायचं नाही. नाही गेली, तर आईनं निमूटपणे दवाखान्यात जायचं. डॉक्टर म्हणाले होते, चामखीळ कधी औषधानं जाते, कधी आपली आपणच जाते, लसणाचं काही सांगता येत नाही. त्यातलं आईला हवं तेवढंच ऐकू आलं होतं. मागच्या आठवड्यात तिनं पांढऱ्या शर्टाला हिरव्या दोऱ्यानं बटणं लावली होती आणि वर शर्टच हिरवा आहे म्हणून सुनेशी वाद घातला होता.

तिनं अंगठा दाबून पाहिला. पुन्हा दाबला.

"आहे की अजून," ती म्हणाली. "दगडासारखी."

काजं करत बसलेल्या सुनेचा हात थांबला. तिला इतका आनंद झाला की तो लपवताना तिची पंचाईत झाली. आता तोंड उघडाल तर याद राखा, अशा नजरेनं तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

शिंपी गप्पच बसणार होता. पण आईचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना.

"आई, चामखीळ डाव्या अंगठ्याला होती. गेल्या आठवड्यात गेली ती, आपली आपण. हा कात्रीचा घट्टा आहे."

सुनेनं कपाळाला हात लावला. आईनं डावा अंगठा चाचपला. तो गुळगुळीत होता. मग तिनं पुन्हा उजवा हातात घेतला.

"म्हणजे दोन महिने मी घट्ट्याला लसूण चोळत होते?"

"हो."

"आणि तू चोळून घेत होतास."

शिंपी खाली मान घालून म्हणाला, पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण इतक्या वर्षांनी तू हात हातात घेतला होतास, तो सोडवून घ्यावासा वाटेना. गिऱ्हाइकं शर्ट नाकाशी नेऊन बघायला लागली, तरी वाटेना.

आईचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, आणि पाणी घेऊन धावलेली सूनही हसायला लागली.

"इकडे लावला आणि तिकडची गेली," आई म्हणाली. "बघा, किती जालीम औषध आहे."

सुनेचं हसू मावळलं. पैज हातची गेली होती.

"पण पोटच्या पोराचा हात उजवा की डावा, तेसुद्धा मला दिसू नये?" आई म्हणाली. "घे गं, डॉक्टरांची वेळ घे."

सून उठली ती थेट फोनपाशी. हातातल्या शर्टाला टोचलेली सुई काढून ठेवायचंही तिला सुचलं नाही.

आईच्या चिमटीत पाकळी तशीच होती.

"आता सोललीच आहे तर," ती म्हणाली.

शिंप्यानं मुकाट्यानं उजवा हात पुढे केला.