बारीक आवाज

पेपरमिंटच्या डबीत मावेल एवढा, संदेश पाठवणारा रेडिओ. लेक दुपारी झोपली की तेवढ्या वेळात तिनं तो जोडला होता, एकेक तार डाग देऊन. ताकद म्हणाल तर विजेरीच्या बल्बाइतकी. आज तिनं खिडकीबाहेर अँटेनाची तार सोडली, कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली आणि झोपलेल्या लेकीला मांडीवर घेऊन, कानाला हेडफोन लावून मोर्सच्या खटक्याशी बसली.

नवरा दारातून डोकावला. "झाली का तुझी डबी? पलीकडच्या गल्लीपर्यंत पोचलीस तरी मिळवलीस."

"कुणी उत्तर दिलं तर पहिलं तुलाच सांगेन."

तो हसत आपल्या खोलीत गेला. तिथं त्याच्या रेडिओचं शंभर वॉटचं धूड होतं.

तिनं मोर्सच्या टिंब-रेघांत रेडिओवरची आपली खूण पाठवली. पाच अक्षरं. कुणी ऐकतंय का? थांबली. पुन्हा पाठवली. बोट दुखायला लागलं. लेक चुळबुळली, तिला डाव्या हातानं थोपटत उजव्यानं पुन्हा एकदा.

आणि कानात, पार तळाशी, कुणीतरी तिचीच अक्षरं परत म्हणू लागलं. समुद्रापलीकडचं कुणी. पहिली तीन बरोबर. मग प्रश्नचिन्ह. पुढची ऐकू आली नाहीत, पुन्हा सांगा.

दोनच अक्षरं राहिली होती. तिनं श्वास रोखून खटका दाबला, आणि कान फाटेल असा आवाज आला. नेमक्या तिच्याच लहरीवर कुणी तरी येऊन बसलं होतं. खटक्यावरचा हात ज्याचा त्याचा वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. शेवटची रेघ जराशी लांबवणारा हा हात तिला ओळखीचा होता. त्यानंच तिला मोर्स शिकवलं होतं.

तरी ती उरलेली दोन अक्षरं पाठवत राहिली. सहा वेळा, सात वेळा.

आवाज थांबला. समुद्रापलीकडचा माणूस पुन्हा आला, आता तिच्या नवऱ्याशी बोलायला. नाव झालं, गाव झालं, हवा झाली. मग त्यानं विचारलं, तुमच्याआधी एक बारीक आवाज येत होता. कोण होतं ते?

लेक जागी होऊन तिच्याकडे बघत होती. ऐकलेलं अक्षर उतरवून घ्यायची तिच्या हाताला सवय होती, पेन्सिल काही थांबली नाही. भिंतीपलीकडून उत्तर गेलं, सावकाश, स्वच्छ, शेवटची रेघ लांबवत. तारखेखाली तिनं ते लिहून घेतलं.

कोणी नाही.