दार उघडत नाही

“आगबोट वळते याच्या आधी,” नेझुसाहेब म्हणाले. “तुमचा हा नायक वळतोय की विचार करतोय?”

मिचिरु हिरासे टेबलापलीकडे उभी होती. बोलावणं येताच समोर पडलेली आपल्या व्हिडिओ गेमची सीडी उचलून ती तीन जिने चढून आली होती. बसा म्हणायची साहेबांची पद्धत नव्हती. साहेब खेळत होते त्या टीव्हीची पाठ तिच्याकडे होती. दिसत होता तो साहेबांचा लाल होत चाललेला चेहरा.

आठ महिने ती याच एका गोष्टीसाठी सगळ्यांशी भांडली होती. नायक आधी जागच्या जागी वळणार, मग चालणार. भ्यालेल्या माणसाचे पाय जड होतात; ते खेळणाऱ्याच्या बोटांना कळायला हवं. आज साहेबांचा शिक्का पडला नाही, तर हा भुतांचा खेळ बंद आणि तिची सगळी माणसं मासे पकडायच्या खेळावर.

त्यात साहेबांची फर्मानं. आजची अख्खी सकाळ खेळाची अमेरिकेसाठीची वेगळी प्रत करण्यात गेली होती. ओसाकातलं पहिलीतलं पोरही सांगेल, गोल म्हणजे बरोबर, फुली म्हणजे चूक. पण तिकडच्यांना म्हणे फुलीचं बटण दाबून होकार द्यायचा असतो आणि गोलाचं दाबून नकार, म्हणजे मागे सरकणं. करा अदलाबदल.

“दार उघडत नाही.”

“त्याचं तोंड दाराकडे करा, साहेब.”

“केलंय. आंधळा आहे का मी? हा उलटा मागे सरकतोय.”

“मग नीट समोर उभा नसेल.” तिने दात आवळले. आठ महिने हेच ऐकत होती.

टीव्हीतून ओली पावलं जवळ आली. मग किंकाळी. साहेब मेले. पुन्हा मेले. तिसऱ्यांदा मेले तेव्हा त्यांनी तिच्या अख्ख्या विभागाला शिवी हासडली. चौथ्यांदा ते हाताला येईल ते बटण बडवत सुटले, आणि दार करकरत उघडलं.

त्यांनी कपाळ पुसलं.

“माझ्याच बोटांनी मला कधी असं फसवलं नव्हतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “दार समोर, आणि हात ऐकत नाही. हीच ती भीती. हिरासेबाई, आता एका बटणालाही हात लावायचा नाही. जपानभरच्या दुकानांत हीच सीडी जाईल. अशीच्या अशी.”

शिक्का कागदावर आपटला.

मिचिरु कमरेत वाकली. आठ महिने आवळलेल्या मुठी सुटल्या. तिने यंत्राचं झाकण उघडून सीडी बाहेर काढली. तिच्यावर मिचिरुच्याच रागीट अक्षरात लिहिलं होतं: अमेरिका.