बिनअंड्याचा केक

हंसाबाईंनी पातेल्यातलं मिश्रण बोटावर घेतलं, नाकाशी नेलं आणि मान हलवली.

"दही बरोबर पडलंय. बांध आता."

रुचिताने मिश्रण डब्यात ओतलं, झाकण लावलं, वरून फडकं बांधलं. चिठ्ठीवर नाव सासूबाईंनी लिहिलं. दर शनिवारी असंच चालायचं. घरात ओव्हन नव्हता. केबिन रोडला बबनच्या बेकरीत सकाळचे पाव निघाले, की उरलेल्या आचेवर लोकांचे केक, नानकटाया भाजून मिळायच्या.

काशीनाथराव नुकतेच पेपर घेऊन आले होते. "सांग त्या बबनला, आमचा बिनअंड्याचा. दुसऱ्याच्या डब्याशी गल्लत नको."

"सांगते, बाबा."

"या उंबरठ्याच्या आत अंडं आलेलं नाही. गिरगावात नाही, भाईंदरला येऊनही नाही."

रुचिता लेकाला, निहारला घेऊन जिना उतरली. त्याचा हात धरला, की तिची बोटं आपोआप त्याच्या मनगटाभोवती फिरायची. मार्चमध्ये अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकायची. आता जरा फट राहत होती.

एक्क्याण्णवचा तो मार्च. डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडे बघून पेन खाली ठेवलं होतं. "साडेतीन वर्षांचा आणि साडेदहा किलो? अंडं सुरू करा. रोज."

सासू-सासरे दोघंही सोबत होते. "दुसरं काही सांगा," काशीनाथराव म्हणाले होते. दुसरं सगळं करून झालं होतं. निहार दूध ओकायचा, वरण थुंकायचा. केक तेवढा मागून खायचा.

"बाबांशी वाद नको गं," तिचा नवरा, यतीन म्हणाला. "तू बघ ना काहीतरी."

तिने बघितलं.

बेकरीच्या पुढच्या भागात चार टेबलं होती. चहा, मस्कापाव, ऑम्लेट-पाव. रुचिता कोपऱ्यात, रस्त्याकडे पाठ करून बसायची. निहारपुढे मस्कापाव आला, की ती फडकं सोडायची. बबन स्टीलच्या वाटीत दोन अंडी आणायचा, वर बशी झाकून. ती फोडायची, फेटायची, डब्यात मिसळायची. फडक्याची गाठ पुन्हा तशीच, सासूबाईंच्या पद्धतीची.

"कुणाला बोलू नका हां, बबनभाऊ."

"वहिनी, माझ्या भट्टीत काय काय जातं ते बोलायला लागलो, तर भाईंदरातली निम्मी लग्नं मोडतील."

संध्याकाळी फिरून येताना काशीनाथराव केक घेऊन यायचे. पहिल्याच शनिवारी तो असा फुगला, की झाकण वर उचललं गेलं. मग बबन आपल्याच मोठ्या डब्यात भाजायला लागला.

"हात बसला हो तुझा," हंसाबाई म्हणायच्या. "अंडं लागतं म्हणे! कुणी सांगितलं?"

"जरा पिवळा दिसतोय का, आई?"

"गाईचं तूप आहे. पिवळंच दिसणार."

व्हॅनिलाची बाटली तर काशीनाथरावांनीच आणून दिली. "सढळ हाताने घाल. वास चांगला येतो."

रुचिताची भीती वेगळीच होती: सासू-सासऱ्यांनी नकळत तो खाल्ला तर? पण तेही निभलं. हंसाबाई शनिवारी सकाळीच मारुतीला जाऊन यायच्या, त्यांचा उपास. रविवारी त्यांना केक शिळा वाटायचा. काशीनाथराव चहात दुसरा चमचा साखर ढवळत म्हणायचे, "मला गोड बंद केलंय." आपलं पाप आपल्यापुरतंच राहिलं, म्हणून रुचिता दर वेळी सुटकेचा श्वास टाकायची.

गेल्या सोमवारी काटा तेरावर थांबला. डॉक्टरीणबाई हसल्या. "काय दिलंत?"

"रामरक्षा," काशीनाथराव म्हणाले. "रोज माझ्या मांडीवर बसून."

"आणि नाचणीचं सत्त्व," हंसाबाई म्हणाल्या.

रुचिता निहारच्या पायांत चपला घालायला वाकली.

"छान. पण अजून दोन किलो हवेत. अंड्याचा विचार करा, आजोबा."

आजोबांनी छत्री उचलली. त्या रात्री रुचिताला झोप आली नाही. आठवड्याला एक केक, तोही चोरून. उद्या बबनने बेकरी विकली तर? उद्या सासूबाई सोबत आल्या तर? बी. ए. झालेली बाई आपण, आणि स्वतःच्या मुलाला खायला घालायला रस्त्याकडे पाठ करून बसतो.

शनिवारी निहारचा चौथा वाढदिवस होता. त्याला सगळ्यांसोबत बबनच्या बेकरीत, टेबलावर बसायचं होतं. काशीनाथराव नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "चहा घेऊ."

यतीनला हाफ डे होता, तो मागून येणार होता. रुचिता या वेळी रस्त्याकडे तोंड करून बसली. डबा तिने टेबलाच्या मधोमध ठेवला आणि फडकं सोडलं.

"बबनभाऊ, माझी नेहमीची दोन अंडी आणा. बशी झाकू नका."

काशीनाथरावांचा कप हवेत थांबला. हंसाबाई समोरच्या भांड्यांच्या दुकानाकडे बघायला लागल्या.

"सहा महिने घालतेय मी, बाबा." तिने डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं. "तो अंड्यांवर भरलाय. रामरक्षेवर नाही आणि नाचणीवरही नाही. उद्यापासून घरात अंडं उकडणार, रोज, माझ्या गॅसवर. चालत नसेल तर तसं सांगा. मी निहारला घेऊन आईकडे जाते. पण चोरून आता एकही घालणार नाही."

शेजारच्या टेबलावरचा माणूस पाव चहात बुडवायचा थांबला. काशीनाथराव निहारच्या ओठांवरचा मस्का रुमालाने पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

बबन हलला नाही. त्याने काशीनाथकाकांकडे पाहिलं, हंसाकाकूंकडे पाहिलं. दोघांनीही मान वर केली नाही. त्याने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली.

"आणतो, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "पण आता भाजतो त्यापेक्षा मोठा डबा नाही माझ्याकडे. काकूंनी मारुतीहून येताना त्यांची नेहमीची दोन अंडी सांगून ठेवलीत, आणि काकांनी आज वाढदिवस म्हणून दोनाची तीन केलीत."