समोरच्या खोलीतली नोकरी

दुधाची बाटली. डाव्या पायाचा मोजा. खोकल्याचं औषध. कानतुटका कापडी ससा. हे सगळं, लेकीसकट, थोरलीनं समोरच्या खोलीत धाकट्या जावेकडे सोपवलं आणि जावेचा मुलगा कडेवर घेऊन ती परतली. नवा नियमच तसा होता: सरकारी भत्ता काम करणाऱ्या आईलाच, स्वतःचं मूल सांभाळणं काम नव्हे, दुसऱ्याचं सांभाळणं मात्र काम. भत्ता थांबला, तर दोन्ही चुली थंडावणार होत्या. तपासनीस बाई दारात आल्या. "बाळ कुणाचं?" "जावेचं. मी कामावर आहे." "आणि तुमचं?" "तिच्याकडे. तीही कामावर." "अहो, थट्टा करता का?" "नियम तुमचाच, बाई. आम्ही फक्त पाळतोय." बाईंनी हसू दाबत दोन्ही घरांचे भत्ते मंजूर केले. त्यांची पाठ वळताच दोघी जावा पोरांना उंच उडवत खदखदून हसल्या. लग्नानंतर कित्येक वर्षं, हा नियम येईपर्यंत, त्या एकमेकींशी बोलतही नव्हत्या.